पुढचे शॉकअप मऊच राहतात? जाड तेल ओतण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "दादा, पुढचे शॉकअप लय मऊ झालेत, बांधावरनं उतरली की ठाण्कन तळ लागतोय." गाडी म्हणजे जुनी मोटारसायकल: आरएक्स असते, शोगन असते, एखाद्याची येझदी असते. पुढचं वाक्यही ठरलेलं: "मागच्या महिन्यातच जाड तेल टाकलंय." जाड तेल म्हणजे बहुतेक वेळा इंजिनात जातं तेच ट्वेंटी-फॉर्टी. चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. मग कुणीतरी नव्वद नंबरचं गिअर ऑईल सुचवतं.

माझं सरळ म्हणणं आहे: मातीत पळवायच्या जुन्या गाड्यांचा पुढचा मऊपणा दहात आठ वेळा स्प्रिंगचा असतो, आणि आपण सगळे त्याच्यावर तेलाचा उपाय करतो. त्यातून दुखणं बरं तर होत नाहीच, उलट जाड तेलामुळे शॉकअप आणखी मऊ असल्यासारखा वागायला लागतो. हे उलटं वाटेल, पण पुढे कारण देतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. या गाड्यांच्या काळात आपल्याकडे कारखान्यातून निघालेली खरी ऑफरोड गाडी दुकानात मिळतच नव्हती. बाहेर यामाहाची डीटी-१ १९६८ च्या मॉडेलवर्षात आली. १९७३ ला हकन अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉक (मागे एकच शॉकअप असलेल्या) गाडीवर २५० सीसीचं मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मारलं, आणि तिथून पुढे दहा वर्षांत त्या गाड्यांच्या चाकाची हालचाल जवळपास दुप्पट झाली. आपण मात्र रस्त्याच्या गाडीचं मडगार्ड वर उचललं, रुंद हॅण्डल टाकलं, ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर चढवले आणि झाली डर्ट बाईक. गाडी दिसायला बदलली, पण शॉकअपच्या आत अजून तीच स्प्रिंग आहे, जी डबलसीट बसून मार्केट यार्डापर्यंत आरामात जाता यावं म्हणून बसवली होती. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं, येझदीचा मैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. म्हणजे या दोन्हींतली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. तेव्हा ती चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमधल्या मुरमाच्या वाटेवर किंवा ऊसतोडीनंतरच्या चाकोऱ्यांत तळ लावत असेल, तर त्यात नवल काहीच नाही.

मऊ म्हणजे नक्की कुठे मऊ

"मऊ" एवढ्यावर काही करता येत नाही. कुठे मऊ लागते ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

पुढचा ब्रेक मारला की नाक खाली जातं, घाटात उताराला गाडी कायम पुढे झुकलेली, सावकाश जातानाही एखाद्या खोल चरीत शॉकअप पूर्ण बसतो. हा स्प्रिंगचा दोष. सावकाश हालचालीत जुन्या शॉकअपचं तेल जवळजवळ काहीच अडवत नाही, सगळा भार स्प्रिंगवर असतो.

एरवी सगळं ठीक, पण बांधावरून उडी मारून खाली आली किंवा वेगात मोठा खड्डा आला तरच ठाण्कन वाजतं. इथे स्प्रिंग बरी असू शकते, तेलाची पातळी कमी असते. म्हणजे जाडी नव्हे, उंची. त्यावर पुढे येतो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. पहिला उंचवटा छान घेते, दुसरा बरा, तिसऱ्या-चौथ्याला हॅण्डल हाताला मारायला लागतं आणि पाचव्याला तळ. ट्रॅक्टरच्या टायरांनी पाडलेल्या सलग वळ्यांवर हे हमखास दिसतं. इथे शॉकअप दबतोय बरोबर, पण वर यायला उशीर लावतोय. पूर्ण उघडायच्या आत पुढचा दणका बसतो, तो आणखी खालून सुरुवात करतो, मग आणखी खालून. शेवटी शॉकअप तळाशीच बसून राहतो. चालवणाऱ्याला वाटतं मऊ आहे. खरं कारण जाड तेल. आणि त्याच्यावर आपण काय करतो? आणखी जाड तेल ओततो. हे चक्र मोडायचं असेल तर आधी मोजायला लागेल.

चौथा प्रकार मऊपणाचा नाहीच. कोन सेट (हॅण्डल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला असतो, बुश खाल्लेले असतात, ब्रेक मारला की टकटक होतं आणि पुढचा भाग "लुळा" वाटतो. चाक उचला, बॉटम (शॉकअपचे खालचे जाड नळे) दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. हललं तर आधी ते करा. कोन सेट ढिला ठेवून स्प्रिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

केबल टाय आणि मीटर टेप

मोजमापाला महागडं काही लागत नाही. शॉकअपवर रबरी गेटर असतील तर ते वर सरकवा. क्रोम पाईपला एक केबल टाय बांधा, हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट.

पहिलं माप: इंजिनखाली स्टूल लावून पुढचं चाक हवेत. डस्ट सीलपासून (बॉटमच्या तोंडावरचं रबर) खालच्या टीपर्यंत (दोन्ही पाईप धरणारा आडवा क्लॅम्प) दिसणारा पाईप मोजा. दुसरं: स्टूल काढा, गाडी स्वतःच्या वजनावर सरळ उभी करा, कुणीतरी मागून धरा. तिसरं: तुम्ही हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी, जे काही घालून चालवता ते सगळं घालून बसा. हॅण्डलला लटकू नका, नेहमी बसता तसे बसा.

जुन्या शॉकअपमध्ये घर्षण भरपूर असतं, त्यामुळे एकदा मोजून भागत नाही. पुढचा भाग हाताने दाबून अलगद सोडा आणि मोजा, मग थोडा उचलून अलगद सोडा आणि मोजा. दोन्हींची सरासरी धरा. दोन मापांत जर बोटभर फरक येत असेल तर घर्षणच जास्त आहे. पाईप वाकलाय, नाहीतर एक्सल आवळताना बॉटम एकमेकांना समांतर राहिलेले नाहीत. एक्सलचा क्लॅम्प ढिला करून, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा जोरात दाबा, मग क्लॅम्प आवळा. एवढ्यानेच सुधारलेल्या गाड्या पाहिल्यात.

पहिल्या मापातून तिसरं वजा केलं की तुमच्या वजनाने शॉकअप किती बसतो ते कळतं. यालाच सॅग म्हणतात. मातीच्या रस्त्यासाठी तो एकूण हालचालीच्या (पूर्ण उघड्यापासून पूर्ण बसेपर्यंतच्या) ३० ते ३५ टक्क्यांत असावा. १३० मिमी हालचाल असेल तर ४० ते ४५ मिमी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या याच्या पुढेच निघतात, कारण मूळ स्प्रिंग आणि आत्ताचा मालक यांच्यात वीस-पंचवीस किलोंचं अंतर पडलेलं असतं. आरएक्स घेतली तेव्हा साठ किलोचे होतो, हे प्रत्येकाला आठवतं.

स्प्रिंग थकली म्हणजे काय झालं

"स्प्रिंग थकली" असं आपण सर्रास म्हणतो. पोलाद असं थकत नाही. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून स्प्रिंग आखूड होते, पण तिचा कडकपणा, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात तो आकडा, जवळपास तसाच राहतो. कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर. यातलं वयाने काही बदलत नाही, गंजाने तार खाल्ली असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून स्प्रिंग नुसती बसली असेल, म्हणजे नव्यापेक्षा आखूड झाली असेल, तर वर तेवढ्या उंचीचा स्पेसर, म्हणजे पाईपचा तुकडा, टाकला की काम झालं. पण स्प्रिंग मुळातच तुमच्या वजनाला आणि वाटेला कमी असेल तर स्पेसरने अर्धंच काम होतं. कसं, ते आकड्यांत बघू. हे आकडे हिशेबाला सोपे म्हणून घेतलेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा.

समजा एका स्प्रिंगचा दर, म्हणजे वर सांगितलेला कडकपणाचा आकडा, ०.४ किलो प्रति मिमी, म्हणजे दोन्हींचा मिळून ०.८. तुम्ही बसल्यावर पुढच्या शॉकअपवर ६० किलो येतात आणि बसवतानाच स्प्रिंग २० मिमी दाबलेली आहे. ६० भागिले ०.८ म्हणजे ७५, त्यातून २० गेले, सॅग ५५ मिमी. १३० च्या हालचालीत हे ४२ टक्के झाले. मऊच.

आता १५ मिमीचा स्पेसर टाकला. सॅग ४० वर आला, माप खूश. पण तळाशी काय? आधी शॉकअप पूर्ण बसायला स्प्रिंगच्या बाजूने १२० किलो लागत होते, आता १३२. बारा किलोंचा फरक बांधावरून उतरताना जाणवतसुद्धा नाही. त्याऐवजी ०.५ ची स्प्रिंग टाकली, तीच २० मिमी दाबून, तर सॅग तोच ४० येतो आणि तळाला १५० किलो लागतात. उभी गाडी दोन्हीकडे सारखीच दिसते, चरीत गेल्यावर कळतं. स्पेसर गाडीची उंची सुधारतो, स्प्रिंगचा कडकपणा नाही. आणि स्पेसर फार मोठा केला तर शॉकअप वर येताना टणकन आपटतो, खड्ड्यात चाक खाली पोचत नाही आणि पुढचा टायर जमीन सोडतो.

वेटोळी कापताना

आयात स्प्रिंग परवडत असेल आणि मापात बसत असेल तर सरळ घ्या. बाकीच्यांसाठी दोन रस्ते आहेत: स्प्रिंग बनवून घेणं किंवा आहे ती कापणं. कापण्याला नाकं मुरडणारे खूप आहेत, पण ही जगभर चालत आलेली जुनी पद्धत आहे आणि नीट हिशेब केला तर चांगली चालते. हिशेब न करता केली की शॉकअप मध्येच दगडासारखा थांबतो.

वेटोळी कमी केली की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. ६० वेटोळ्यांची ०.४ ची स्प्रिंग ४८ ची केली तर ०.५ होते. हवी तीच. मग बारा वेटोळी कापून मोकळे व्हावं? थांबा. तार ४ मिमीची आहे आणि स्प्रिंग ४२० मिमी लांब आहे असं धरा. साठ वेटोळी एकमेकांना पूर्ण टेकली की उंची २४० मिमी. म्हणजे ती १८० मिमी दबू शकते. आपल्याला लागतात १३० हालचालीचे आणि २० आधीच दाबलेले, मिळून १५०. जागा आहे. बारा कापल्यावर उरलेली स्प्रिंग ३३६ मिमी लांब, टेकलेली उंची १९२, म्हणजे दबणार फक्त १४४. शॉकअप तळाला जायच्या ६ मिमी आधीच सगळी वेटोळी एकमेकांवर आदळणार. याने टॉप नटचे (पाईपच्या वरच्या झाकणाचे) आटे जातात, डॅम्पर रॉड (आतली भोकांची नळी) वाकतो, आणि दणका थेट हॅण्डलला.

आठच कापली तर? ५२ उरली, दर ०.४६, दबायला १५६ मिमी. जेमतेम पण पुरेसं. सॅग साधारण ४५ येतो, म्हणजे ३५ टक्के. आपल्या कामाला हे चालतं. याहून कडक हवी असेल तर कापू नका, जाड तारेची बनवून घ्या. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: ४ मिमीऐवजी ४.२ मिमीची तार घेतली तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग २१ टक्क्यांहून जास्त कडक होते. हेच उलट्या बाजूनेही खरं आहे. बाजारातली डुप्लिकेट स्प्रिंग रंगाने, लांबीने हुबेहूब असते, पण व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला की तार ३.८ निघते. मग ती मूळपेक्षा अठरा-एकोणीस टक्के मऊ. "नवीन स्प्रिंग टाकूनही मऊच" याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. दुकानात जाताना व्हर्नियर खिशात ठेवा, दुकानदार वैतागला तरी.

दर मोजायला खांबाचं ड्रिल मशीन आणि घरातला वजनकाटा पुरतो. कुपवाड एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये हे होतं. काटा मशीनच्या टेबलावर, त्यावर स्प्रिंग उभी, आत एक सळी किंवा बाहेर पाईप, नाहीतर लांब स्प्रिंग बाजूला वाकून उडते. चकने थोडी दाबून काट्यावरचा आकडा बघा, मग आणखी ५० मिमी दाबून बघा. वजनातला फरक भागिले पन्नास. झाला दर. दोन्ही स्प्रिंगा मोजा. एकाच गाडीतल्या दोन स्प्रिंगा वेगळ्या निघणं मुळीच दुर्मीळ नाही.

कापायची ती पातळ कटिंग व्हीलने, पाणी मारत, गार ठेवून. गॅसने कापली की त्या टोकाचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. कापलेलं टोक सपाट घासा, त्यावर जाड पोलादी वायसर, त्यावर कापलेल्या लांबीएवढा स्पेसर. आठ वेटोळ्यांना इथे ५६ मिमी. स्पेसर ॲल्युमिनियमच्या पाईपचा उत्तम. जाड पीव्हीसीचाही चालतो, फक्त दोन्ही टोकं लेथवर सरळ कापून घ्या, आणि स्प्रिंग थेट पीव्हीसीवर टेकवू नका, ती त्यात रुतते. दाट आणि विरळ अशी दोन प्रकारची वेटोळी असलेली स्प्रिंग असेल तर वरचा हिशेब सरळ लागू होत नाही. दाट बाजूची वेटोळी आधी टेकतात आणि तिथून पुढे स्प्रिंग कडक होते. अशी स्प्रिंग कापण्याआधी दोन-तीन ठिकाणी दर मोजून घ्या.

टॉप नट उघडताना तोंड त्याच्या वर नको. स्प्रिंग दाबलेली असते, शेवटच्या आट्याला नट उडतो. पुढचं चाक हवेत ठेवूनच उघडा.

तेलाची उंची

शॉकअपमध्ये तेलाच्या वर जी हवा असते तीही एक स्प्रिंगच आहे. सुरुवातीला नसल्यासारखी, शेवटी एकदम कडक. शॉकअप पूर्ण बसवून, स्प्रिंग काढून, पाईपच्या काठापासून तेलापर्यंत १५० मिमी मोकळे असतील आणि हालचाल १३० असेल, तर पूर्ण दबताना हवा साधारण २८० वरून १५० वर येते. दुपटीहूनही कमी दाब. तेच तेल वाढवून १०० मिमी केलं तर २३० वरून १००, म्हणजे सव्वादोन पटीच्या वर. हा फरक फक्त शेवटच्या तिसऱ्या भागात लागतो, अगदी जिथे आपल्याला हवा तिथेच. उभ्या गाडीच्या सॅगवर त्याचा परिणाम नगण्य.

म्हणून उडीवरच तळ लागत असेल तर १० मिमीच्या पायरीने तेल वाढवा आणि दर पायरीला केबल टाय कुठे सरकतो ते बघा. सगळ्यात मोठ्या दणक्याला टाय तळाच्या बोटभर वर थांबला की पुरे. कधीच तळाजवळ जात नाही अशी गाडी म्हणजे हालचाल वाया घालवणारी गाडी. फार भरलं तर हवा इतकी दाबली जाते की ऑईल सील उडतं, म्हणून घाई नको.

गॅरेजमध्ये तेल मिलीत मोजून ओततात. पुस्तकातला तो आकडा पूर्ण कोरड्या शॉकअपचा असतो. नुसतं खालचा स्क्रू काढून निथळलं तर आत बरंच राहतं, शॉकअपच्या एका पायात जास्त, एका पायात कमी. उंचीच मोजा. तेल ओतून पाईप वर-खाली पंपासारखा हलवा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग चहा पिऊन या. जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते ती मोठी सिरिंज घ्या, तिला सलाइनची नळी लावा, नळीला हव्या त्या मापावर आडवी काडी बांधा. तेल थोडं जास्त भरायचं, नळी काडीपर्यंत सोडायची आणि हवा येईपर्यंत ओढायचं. दोन्ही पाय आपोआप सारखे होतात.

आता तेलाची जाडी

स्प्रिंग आणि उंची जमल्यावरच इकडे यायचं.

जुन्या शॉकअपमध्ये तेल डॅम्पर रॉडच्या भोकांतून जातं. भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. म्हणून ब्रेक मारताना सावकाश बसणाऱ्या शॉकअपला तेल अडवत नाही, आणि दगडावर वेगात आदळल्यावर तेच तेल भिंतीसारखं उभं राहतं. तेल जाड केलं की भिंत आणखी जाड होते, नाक मात्र खाली जातच राहतं. नवीन गाड्यांतले कार्ट्रिज शॉकअप (आत झडपांची वेगळी नळी असलेले) आले ते याच दुखण्यावर. जुन्या शॉकअपमध्ये स्प्रिंगखाली बसणारे इम्युलेटर मिळतात, ते झडपेने हे बरंच सुधारतात, पण ते बाहेरून मागवायचे, त्यासाठी डॅम्पर रॉडची खालची भोकं मोठी करायची, आणि मापात बसतील याची खात्री करून घ्यायची. उडीउडीची शर्यत खेळणार असाल तरच त्या भानगडीत पडा.

तेलाचं खरं काम स्प्रिंग उसळू न देण्याचं आहे. स्प्रिंग कडक केली की ती जोरात वर येते, तेव्हा तेल थोडं जाड लागतं. तपासायला पुढचा भाग जोरात दाबून सोडा. वर येऊन किंचित पुढे जाऊन थांबला तर ठीक. दोन-तीन वेळा डुलला तर तेल पातळ. आळसावल्यासारखा वर आला तर जाड, आणि मग वळ्यांवरची ती बसत जाण्याची तक्रार येणारच.

डब्यावरच्या १०, १५, २० या आकड्यांवर विसंबू नका, एका कंपनीचं १५ दुसरीच्या १० जवळ निघतं. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) ते बघा, माहितीपत्रकात असतं. हायड्रॉलिक तेलाच्या ३२, ४६, ६८ या ग्रेड म्हणजे थेट हाच आकडा, त्यामुळे जेसीबी-ट्रॅक्टरवाल्याकडचं तेल निदान नक्की काय आहे ते तरी कळतं. ट्वेंटी-फॉर्टी इंजिन ऑईल याच मापावर शंभरच्या पुढे जातं. म्हणजे ४६ च्या दुपटीहून जास्त, आणि म्हणूनच ते टाकलेली गाडी वळ्यांवर तळाशी बसून राहते. स्प्रिंग बदललेल्या आरएक्स-शोगनला मी ३२ पासून सुरुवात करून गरज पडली तर ४६ पर्यंत जातो. ६८ ला क्वचित.

ऋतूचाही विचार करा. डिसेंबरच्या सकाळी चाळकेवाडीच्या पठारावर आणि मे महिन्यात जत-आटपाडीकडच्या माळावर तेच तेल सारखं वागत नाही. ४० अंशांवर ४६ असलेलं तेल २५ अंशांवर साधारण दुप्पट घट्ट असतं. थंडीत सेट केलेली गाडी उन्हाळ्यात डुलायला लागली तर घाबरून सगळं उघडू नका. पठाराचा विषय निघालाच आहे तर, कासच्या फुलांच्या सड्यावर गाडी घालण्याचा मोह आवरा. वाटा इकडे कमी नाहीत.

येझदीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: सॅग, स्प्रिंग, स्पेसर हे सगळं तुमच्या गाडीलाही लागू आहे, पण तुमच्या शॉकअपची आतली मांडणी जपानी गाड्यांपेक्षा वेगळी आहे. भोकं आणि तेलाच्या उंचीचं वरचं गणित जसंच्या तसं उचलू नका.

सगळं करूनही महिन्याभरात परत मऊ

मग तेल कुठेतरी जातंय. सील दर पावसाळ्यात बदलताय आणि दर दिवाळीला गळतंय, तर सीलवाल्याला दोष देऊ नका, पाईपवरून नख फिरवा. सील जिथे वर-खाली होतं त्या पट्ट्यात गंजाचे बारीक खड्डे असतील तर नख अडकतं. असा पाईप नवीन सील लगेच कापतो. एकदोन खड्डे असतील तर काठ बारीक पॉलिश पेपरने मारून, एपॉक्सी भरून, घासून सपाट करता येतात. सगळा पट्टाच खाल्लेला असेल तर हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग, नाहीतर दुसरा पाईप. काळ्या मातीचा चिखल पाईपवर वाळू देऊ नका. तो डस्ट सीलखाली जाऊन पॉलिश पेपरचंच काम करतो. रबरी गेटर जुनाट दिसतात म्हणून काढून टाकायची फॅशन आहे, ती आपल्या उसाच्या रस्त्यांना परवडणारी नाही.

खालच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वायसर दर वेळी नवीन. जुनाच परत लावला की तिथून थेंब-थेंब जातं, बॉटमच्या पोटाखाली असल्याने दिसत नाही, आणि एक पाय हळूहळू रिकामा होतो. हा बोल्ट उघडताना आतला डॅम्पर रॉड सोबत फिरतो, म्हणून तो स्प्रिंग आणि टॉप नट काढायच्या आधीच ढिला करून ठेवा.

शेवटी मागचे शॉकअप बघा. लांब शॉकअप टाकून मागची बाजू उचललेली असेल, किंवा पाईप टीमधून वर सरकवून पुढची बाजू खाली घेतली असेल, तर वजन आपोआप पुढे येतं आणि आत्ता केलेला सगळा हिशेब हलतो. पाईप मूळ जागी आणा, मागचाही सॅग मोजा, आणि मग पुढचा परत एकदा.